पुण्यात प्रायव्हेट एफएमच्या आधी कमर्शियल रेडिओ होता का, आणि आता सगळीकडे तीच गाणी का?

प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्यात प्रायव्हेट एफएम यायच्या आधी जाहिरातीवर चालणारा रेडिओ होता का, आणि आज कुठलंही स्टेशन लावा तीच तीच गाणी, मराठी कमी, बातम्या तर नाहीतच, हे असं का, आणि ऐकणाऱ्याने काय केलं तर मराठी वाढेल. मी आधी विविध भारतीला कॅज्युअल अनाउन्सर होतो, मग बरीच वर्षं एफएमला प्रोग्रामिंग केलं, म्हणजे कुठलं गाणं किती वाजता लागणार ते ठरवायचं काम, त्यामुळे दोन्हीकडचं आतून बघितलंय. उत्तर मोठं होणारे, आधीच सांगतो.

पहिल्या भागाचं उत्तर, हो, होता, आणि देशात सगळ्यात आधी जिथे सुरू झाला त्या तीन शहरांत पुणं होतं. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, नागपूर आणि पुणे इथून. दिल्ली, कलकत्ता, मद्रास नंतर. तिन्ही केंद्रं महाराष्ट्रातली, आणि आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला माहितीच नसते, लोक पुण्याचा कमर्शियल रेडिओ २००२ पासून मोजतात.

पण त्याच्या मागचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. ते मीडियम वेव्हवर, ७९२ किलोहर्ट्झ, शिवाजीनगरला स्टुडिओ, ट्रान्समीटर हडपसरला, तिथे तर सोलापूर रोडवर बसच्या स्टॉपचंच नाव आकाशवाणी आहे. तिथे जाहिरात हा विषयच नव्हता, पैसे सरकारचे, शिवाय रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं आणि त्याची फी लोक पोस्टात जाऊन भरायचे. त्या पैशात काय काय झालं बघा, गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला इथूनच सुरू झालं, आठवड्याला एक नवं गाणं असं वर्षभर, एकूण ५६ गाणी. आज मी कुठल्याही सेल्स हेडला जाऊन सांगितलं की वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं लिहून, चाल लावून, रेकॉर्ड करून वाजवायचंय आणि स्पॉन्सर कुणी नाहीये तर तो मला खालच्या टपरीवर घेऊन जाईल आणि तब्येत कशी आहे विचारेल. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने रेडिओ ग्रामीण श्रोते मंडळांचा प्रयोग झाला तोसुद्धा पुणे केंद्रावरून, दीडशेच्या आसपास गावांत लोक एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे, शंका केंद्राला लिहून पाठवायचे. हल्ली ज्याला इंटरॅक्टिव्ह म्हणतात ते हेच की.

मग जाहिराती आल्या कशा, तर त्याला कारण सिलोन, म्हणजे श्रीलंकेचा रेडिओ. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायबच झाली. लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, टूथपेस्टच्या पैशावर. म्हणजे ऐकणारे आपले, गाणी आपली, टूथपेस्ट घेणारेही आपलेच आणि जाहिरातीचे पैसे मात्र कोलंबोला. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघाली ती यावर उतारा म्हणून, पण तरी पुढची दहा वर्षं त्यावर जाहिरात नव्हती. नंतर सरकारनेच नेमलेल्या अशोक चंदा कमिटीने सांगितलं की विविध भारतीवर जाहिराती घ्या, आणि त्यातून १९६७ ची सुरुवात झाली.

तेव्हाची पद्धत अशी की कार्यक्रम मध्यवर्ती ठिकाणी बनायचे, त्यांच्या टेप केंद्राकेंद्राला जायच्या, आणि स्थानिक केंद्र मधल्या ठरलेल्या जागांमध्ये जाहिराती आणि थोडी स्थानिक गाणी घालायचं. मी गेलो तोपर्यंत टेपचं युग संपत आलेलं, मुंबईहून सॅटेलाइटवर फीड यायची. पण शिस्त तीच होती, समोर क्यू शीट, घड्याळाचा सेकंदकाटा, जाहिरात किती सेकंदांची ते लिहिलेलं, आणि बरोबर वेळेला फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, वर नेऊन परत मुंबईला जोडून द्यायचं. बोलायला जागा फार नसायची, गाण्याचं नाव, सिनेमा, गीतकार, संगीतकार, गायक, बस. गीतकाराचं नाव आज एफएमवर कुणी घेतं का? मला तरी ते सगळ्यात जास्त खटकतं, पण असो.

आता दुसरा भाग. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या केसमध्ये निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्यानंतर २००० मध्ये लिलाव झाले, ४० शहरांत १०८ फ्रिक्वेन्सी काढलेल्या, आणि प्रत्यक्षात कशाबशा वीस-बावीस सुरू झाल्या. कारण लायसन्स फी. मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीची बोली वर्षाला ९.७५ कोटींवर गेली आणि त्यावर दरवर्षी १५ टक्के वाढ. तुमची कमाई होवो न होवो, फी वाढणार. कित्येक कंपन्यांनी बोली लावून पळ काढला. पुण्यात या पहिल्या फेरीतून एकच स्टेशन उभं राहिलं, ९८.३, रेडिओ मिर्ची, २००२ साली. पुढची काही वर्षं पुण्यात प्रायव्हेट म्हणजे तेवढंच.

या एका गोष्टीचा परिणाम लोकांना कळत नाही. त्या काळात पुणेकराने एफएम म्हणजे काय हे एकाच स्टेशनवरून शिकलं, की हिंदी नवीन गाणी, मध्ये भरभर बोलणारा मुलगा किंवा मुलगी, जिंगल, बक्षिसाचा फोन. नंतर आलेल्यांना वेगळं काही करायचं असेल तर ऐकणाऱ्याची ही सवय मोडावी लागणार होती. आणि फीचं मीटर चालू असताना सवय मोडायला कुणाकडे पैसे नसतात. म्हणून २००५-०६ च्या दुसऱ्या फेरीत नियम बदलले, एकदाच प्रवेश फी आणि मग ढोबळ कमाईच्या ४ टक्के सरकारला, तेव्हा पुण्यात ९१.१, ९३.५, ९४.३ वगैरे सगळे वर्ष-दोन वर्षांत आले, पण आले ते साधारण तोच आवाज घेऊन. मी त्यातल्याच एका ठिकाणी होतो. सुरुवातीच्या मीटिंगमध्ये भिंतीवर मोठं लिहिलेलं असायचं, वेगळं काय करणार, आणि दोन महिन्यांत पहिला सेल्स रिपोर्ट आला की सगळे गपचूप ९८.३ काय वाजवतंय ते मॉनिटर करायला बसायचे.

तीच गाणी का, याचं खरं उत्तर घड्याळात आहे. आम्ही त्याला क्लॉकच म्हणतो, म्हणजे एका तासाचा गोल नकाशा, कुठल्या मिनिटाला गाणं, कुठे लिंक म्हणजे आरजेचं बोलणं, कुठे ब्रेक. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात जाहिराती सगळ्यात जास्त, कारण लोक गाडीत असतात, त्यामुळे तासाला जेमतेम सात-आठ गाणी बसतात, दुपारी बारा-तेरासुद्धा बसतात. गाण्यांचे गट केलेले असतात, अगदी नवं आणि चालणारं, थोडं उतरलेलं, दोन-पाच वर्षांपूर्वीचं, जुनं सोनं. सॉफ्टवेअरला नियम दिलेले असतात की हा गट इतक्या वेळाने फिरवायचा, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नको, काल सकाळी ज्या तासाला लागलं त्याच तासाला आज नको. वरच्या गटात गाणी मोजकीच असतात, त्यामुळे ती दर तीन-चार तासांनी परत येतात. सकाळच्या सात गाण्यांत त्यातली चार.

आता तुम्ही म्हणाल की मग तो गट मोठा करा की. इथे गंमत आहे. तक्रार करणारा माणूस हा सगळ्यात जास्त ऐकणारा असतो, रिक्षावाले काका, दुकानात दिवसभर रेडिओ लावणारा, कारखान्यातली शिफ्ट, त्यांना एक गाणं दिवसात चार वेळा कानावर पडतं आणि डोकं उठतं. पण स्टेशन बांधलेलं असतं कमी ऐकणाऱ्यासाठी. कोथरूडहून हिंजवडीला निघालेला माणूस चांदणी चौकात रेडिओ लावणार, वीस-पंचवीस मिनिटं ऐकणार, मध्ये फोन येणार. त्या वीस मिनिटांत त्याला ओळखीचं गाणं लागलं नाही तर तो दुसरीकडे जाणार, आणि जाहिरातदाराला हवाय तो गाडीवालाच. काकांची फरमाईश फोनवर प्रेमाने ऐकून घेतात, गाणं मात्र त्यांच्या सोयीने लागत नाही. हे मला स्वतःला कधी फारसं पटलं नाही, पण आकडे बघितले की वाद घालता येत नाही.

आणि आकडे तरी कुठले? मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकात्यात रेडिओ ऐकणाऱ्यांचं डायरीवरचं मोजमाप होतं, रॅम म्हणायचे त्याला, २००७ पासूनचं, पुण्यात तसं नियमित मोजमाप नव्हतं. आमच्याकडे काय, तर वाचकांचा मोठा सर्व्हे असायचा त्यात रेडिओची दोन पानं, आणि मग स्टेशनने स्वतः केलेल्या टेस्ट, म्हणजे लोकांना फोन करून गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं आवडतं का, कंटाळा आलाय का. मोजमाप नसलं की धाडस करता येत नाही, कारण धाडस चाललं हे सिद्ध कसं करणार? म्हणून मुंबईत ज्या गाण्याला आकडे मिळाले ते पुण्यात लावायचं, हा सगळ्यात सेफ खेळ. तिसऱ्या फेरीच्या धोरणात, २०११ च्या, तर नेटवर्किंगलाही मोकळीक मिळाली. आधी ते फक्त लहान शहरांना होतं, आता कुठलीही कंपनी आपला एका शहरातला शो आपल्याच दुसऱ्या शहरात वाजवू शकते. त्यामुळे रात्री अकरानंतर पुण्यात जो आवाज तुम्ही ऐकता तो माणूस कित्येकदा मुंबईत, नाहीतर घरी झोपलेला असतो.

एक रॉयल्टीचाही भाग आहे, तो पटकन सांगतो. आधी म्यूझिक कंपन्यांना गाणं वाजल्याच्या तासावर पैसे द्यावे लागायचे, लहान स्टेशनचं कंबरडं मोडायचं. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने ठरवलं की २०२० पर्यंत नेट जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के. यामुळे स्टेशनं जगली हे खरं आहे. पण प्रत्येक कंपनीशी कागदपत्रं वेगळी करावी लागतात, हिंदीत चार-पाच मोठ्या कंपन्या धरल्या की बहुतेक गाणी आली, मराठीत मात्र गाणी छोट्या छोट्या लेबलांत विखुरलेली, कुणाचा पत्ता सापडत नाही, कुणी ऑडिओच धड पाठवत नाही. प्रोग्रामिंगवाला एक माणूस आणि एक इंटर्न, तो कुठे कुठे फिरणार.

तर मराठी का नाही, हा मुद्दा. तुम्ही नीट ऐकलंत तर पुण्यातले बहुतेक आरजे मराठीत बोलतात, गाणी हिंदी लावतात. ही तडजोड आहे. राष्ट्रीय जाहिराती मुंबईच्या एजन्सीमधून येतात, एकत्र दहा-बारा शहरांचं पॅकेज, त्यांना पुणे म्हणजे मुंबईच्या शेजारचं मार्केट, आयटीवाले, बाहेरून आलेले विद्यार्थी, १८ ते ३४ वयाचे. त्यांच्या एक्सेलमध्ये सदाशिव पेठेतल्या आजी नाहीत. उलट बोलणं लोकल लागतं, कारण सराफ, साडीवाले, बिल्डर, क्लासेस, इंजिनियरिंगची कॉलेजं हे लोकल पैसे. म्हणून बोलणं लोकल पैशाचं, गाणी मुंबईच्या पैशाची. अगदी सरळ हिशोब आहे.

पुणेकरांना मराठी गाणी आवडत नाहीत, हे कारण मी मीटिंगमध्ये अनेकदा ऐकलंय आणि ते साफ खोटं आहे. गणपतीचे दहा दिवस बघा. एरवी ज्या स्टेशनला मराठी 'बसत नाही', तेच स्टेशन सकाळी आरत्या लावतं, मंडळामंडळातून लाइव्ह करतं, लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या दिवशी आरजे ढोलपथकात उभा असतो. पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा अभंग लागतात. २०१६ मध्ये एका मराठी सिनेमाची गाणी आली, कुठला ते सांगायला नको, ती तर मराठी न समजणारेही मागून घेत होते आणि सगळ्या स्टेशनांनी ती वरच्या गटात टाकली. मग आवड कुठे गेली होती इतके दिवस? आवड तिथेच होती, त्या दहा दिवसांत मंडप, मोदक, दागिने, बँका सगळ्यांची लोकल बजेट मोकळी होतात एवढंच.

बातम्यांचं मात्र स्टेशनच्या हातात नाही. प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एक शब्द न बदलता. टीव्हीवाले दिवसभर आरडाओरडा करू शकतात, पेपरवाले काहीही छापतात आणि रेडिओला बातमी नको, हे कुणाला समजावता येईल का सांगा. पण नियमात एक यादी आहे, या गोष्टी बातमी धरल्या जात नाहीत म्हणून: रस्त्यावरची वाहतूक, हवामान, परीक्षा-निकाल-प्रवेश, नोकऱ्या, सांस्कृतिक कार्यक्रम, आणि वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे यांबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती. पुण्यातला चांगला आरजे या यादीवरच जगतो. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं आणि भिडे पूल बंद झाला का, नवले पुलाला काय अवस्था आहे, गुरुवारी पाणी येणार नाही कुठल्या पेठांत, अकरावीची यादी कधी. नियमाप्रमाणे ही बातमी नाही आणि पावसाळ्यात पुण्याला याच्यापेक्षा मोठी बातमी नसते. पाणी कोणत्या नगरसेवकामुळे येत नाही हे मात्र विचारायचं नाही, तिथे चिडवायचं, टोमणा मारायचा, गाणं लावायचं. पुणेरी टोमणा हा एफएमला नियमानेच शिकवलाय असं मी गमतीने म्हणतो.

मला विचाराल तर स्टेशन चांगलं की वाईट हे मी गाण्यांवरून ठरवत नाही, गाणी हल्ली फोनवर सगळ्यांकडे आहेत. मी बघतो की सकाळच्या शोमध्ये शहराची किती नावं येतात. आठ ते नऊ ऐकायचं आणि मोजायचं, किती चौक, किती शाळा, किती माणसं खरी फोनवर आली. नवीन मुलांना मी हेच करायला लावायचो, आणि ज्याचा आकडा कमी त्याला दुसऱ्या दिवशी मायक्रोफोनच्या आधी पीएमपीच्या बसमध्ये बसवायचो, स्वारगेट ते हडपसर गाडीतळ, काय ऐकलंस ते येऊन सांग. काही जण चिडायचे. जे चिडले नाहीत त्यांचे शो नीट चालले.

शेवटी तुम्ही विचारलंय की ऐकणाऱ्याने काय केलं तर मराठी वाढेल. स्टेशनच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून फार काही होत नाही, ते इंटर्न वाचतो आणि हसरा चेहरा पाठवतो. आमच्याकडे एकदा रविवारी सकाळी मराठी गाण्यांचा तास चालू झाला तो एका सराफाने मागितला म्हणून, त्यांच्या दुकानात बायका सांगायच्या की आम्ही तुमचं रेडिओवर ऐकलं. तो तास छान चालला, फोन यायचे, जुन्या भावगीतांना तर रांग लागायची. मग त्यांच्या पुढच्या पिढीने बजेट इन्स्टाग्रामला हलवलं आणि पुढच्या रविवारपासून त्या जागी परत हिंदी हिट्स. तेव्हा दुकानात बिलाच्या वेळी मुलगी विचारते ना, मॅडम आमच्याबद्दल कुठून कळलं, तिथे गुगल म्हणून मोकळं होऊ नका, रेडिओवर ऐकलं असेल तर तसं सांगा आणि कुठल्या कार्यक्रमात ते पण सांगा. ती ते रजिस्टरमध्ये लिहिते आणि महिन्याच्या शेवटी मालक ते रजिस्टर बघतो.